आठ ओळींचा दगड

आपली बायको सुभद्रा गेल्याचं नत्थुजीला कळलं, त्या वेळी तो अमरावतीच्या कापूस बाजारात आपल्या गाडीवर गुडघाभर कापसात रुतून उभा होता, आणि चारचौघं त्याच्या नशिबाचा हेवा करत होते.

सातासमुद्रापलीकडं कुठल्या तरी मुलखात भाऊबंदकी पेटली होती म्हणे. ती एवढी, की तिकडच्या लोकांना वावरात जायलाही सवड उरली नव्हती, आणि त्यांच्या वाट्याचा कापूस पिकवायचं काम वऱ्हाडावर येऊन पडलं होतं. भाऊबंदकी म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत आपलं भलं होतं, एवढंच लोक नव्यानं शिकत होते. शिकून त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या.

दलालानं नत्थुजीच्या हातावर रुमाल टाकला होता आणि रुमालाखाली दोघांचा सौदा चालला होता. ह्या सौद्यात तोंडानं बोलायचं नसतं, बोटं दाबायची असतात. दलालानं दाबलेली बोटं नत्थुजी मोजत होता, तेवढ्यात गर्दीतून त्याचे शेजारी गयासुद्दीन मुन्शी वाट काढत आले. रात्रभर घोडं दामटल्यामुळं त्यांची दाढी धुळीनं भरली होती.

"नत्थुभाई, खाली उतरा."

"थांबा जी मुन्शीजी, भाव ठरून राहिला."

"उतरा भाई," मुन्शीजी म्हणाले. "घरी पटकी झाली. कालच सांजेला सारं आटोपलं."

नत्थुजीनं रुमालाखालून हात काढून घेतला. रुमालाखालून हात काढला म्हणजे भाव पसंत नाही, असा बाजाराचा कायदा. दलालानं पुन्हा हात धरला आणि आणखी एक बोट दाबलं. नत्थुजी गाडीवरून उतरला. दलालानं मनाशी म्हटलं, हा मोठा कसलेला गडी दिसतो, आणि तो मागं मागं येत भाव चढवू लागला. बाजाराच्या फाटकापर्यंत त्यानं एवढा भाव चढवला की रस्त्यातले लोक थांबून पाहू लागले. पुढं वर्षभर त्या बाजारात, कापसाला सगळ्यात चढा भाव कुणाला लागला असं कुणी विचारलं, की लोक नत्थुजीचं नाव सांगत. त्यानं तो घेतला नव्हता, हे सांगायचं राहून जाई.

नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला असलेल्या आपल्या गावी तो पोचला तेव्हा चूल सारवून झाली होती.

घरात मूलबाळ नव्हतं. एका भिंतीपलीकडं धाकटा भाऊ किसनराव आणि त्याची बायको दुर्गाबाई, दुसऱ्या भिंतीपलीकडं मुन्शीजी आणि त्यांची बायको खुर्शीदबी. दोन्हीकडून भाकरी येत. सोमवारी दोन्हीकडून आल्या तर मंगळवारी कुणाकडूनच येत नसत, कारण दोन्ही घरांना वाटे की दुसऱ्यानं दिली असेल. नत्थुजी हे कुणाला सांगत नसे. माणसानं भुकेची तक्रार बायकोजवळ करावी, शेजाऱ्याजवळ करू नये, असं त्याचं मत होतं.

त्याला त्रास व्हायचा तो पहाटेचा. बावीस वर्षं तो सुभद्रेच्या जात्यावर जागा झाला होता. ती दळताना एक गाणं म्हणायची. तिचं स्वतःचं होतं ते, कुणाकडून घेतलेलं नव्हतं. आपल्या खाटेची कुरकुर जशी माणसाला पाठ असते, तसं ते त्याला पाठ झालं होतं.

जात्या बापा, घे रे घास, मूठ मूठ जवारीचा
रानी कापूस फुटला, दिवा जसा दिवाळीचा
गाय हंबरे गोठ्यात, वासराची तिले आस
चुलीपाशी मनीबाई, तिले दुधाचा ग वास
लेक नाही, लेकी नाही, तरी घर हे भरलं
रांजणात गार पाणी, काल सांजचं उरलं
सारं सारं कोणासाठी, पुसे मले जातं बाई

एवढंच. सात ओळी. सातवी झाली की ती थांबायची, नुसतं जातं घरघरत राहायचं, आणि मग पुन्हा पहिलीपासून. जात्यानं प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळायचं नाही, ह्यात काही चुकतंय असं नत्थुजीला बावीस वर्षांत वाटलं नव्हतं. घरात असे कितीतरी प्रश्न विचारले जातात.

तीन महिन्यांनी एका पहाटे तो जागा झाला तो त्याच गाण्यावर. क्षणभर त्याला वाटलं, की अमरावतीचं ते सगळं स्वप्नच होतं. मग कळलं, आवाज भिंतीपलीकडचा आहे. दुर्गाबाई दळत होती. सातवी ओळ झाली आणि तिनं आठवीचा सूर उचलला. इतक्यात नत्थुजीला खोकला आला. पलीकडचं गाणं एकदम बंद झालं.

म्हणजे आठवी ओळ होती.

सकाळी त्यानं अंगणातून खुर्शीदबीला विचारलं. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"होती ना नत्थुभाई! आठ होत्या. आठवीत तुमचं नाव यायचं. म्हणून तर तुम्ही घरात असले की सुभद्राबाई सातवीवर थांबायच्या."

"काय होतं तिच्यात?"

खुर्शीदबींनी ओढणी तोंडावर धरली. "हमको क्या मालूम भाई. भिंतीतून नाव तेवढं कळायचं, पुढचं नाही. त्या म्हणायच्या आणि खुद हसायच्या, एवढं ऐकू यायचं."

बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे नत्थुजीला ठाऊक होतं. लग्नाकार्यात चार बायांनी दार अडवलं तर उखाण्यातून घ्यायचं, तेवढीच सूट. पण तो वावरात गेल्यावर, बाजाराला गेल्यावर, जात्याच्या घरघरीखाली बावीस वर्षं आपलं नाव घेतलं जात होतं, हे त्याला आता कळत होतं. आणि घेणारी हसत होती.

त्यानं किसनरावाला बोलावलं. दुर्गाबाई सुभद्रेच्या समोर बसून जात्याचा खुंटा ओढायची, तेव्हा तिला ठाऊक असणारच. पण नत्थुजी तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. भासऱ्याशी ती बोलत नसे आणि त्याचं नाव तर उखाण्यातही घेत नसे. म्हणून तिघं गोठ्यात जमले. नत्थुजी दाराबाहेर उभा राहिला, किसनराव दारात, आणि दुर्गाबाई आत वासराजवळ.

"दादा विचारून राहिले, आठवी ओळ काय होती म्हणून," किसनराव म्हणाला.

"वासरा," दुर्गाबाई वासराला म्हणाली, "सांग त्याइले, ते जात्यावरचं बोलणं हाय. माणसाइनं त्यात पडू नये."

"नाव गाळून सांग म्हणा," नत्थुजी बाहेरून म्हणाला.

"वासरा, नाव गाळलं तं राह्यते काय? आमटीतून पाणी गाळल्यावानी हाय ते."

आणि मग आतून खुसखुस ऐकू आली. किसनराव बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता.

"दादा, ते हासून राहिली."

"कायले?"

"म्हणते, जे आठवते ते भासऱ्यापुढं सांगाजोगं नाई."

सांगाजोगं नाही! नत्थुजी घरी येऊन खाटेवर बसला. आपण कसे होतो, ह्याचा हिशेब त्यानं आयुष्यात प्रथमच मांडला. आपण घोरतो. आपण जेवताना बोलत नाही, आणि जेवल्यावर झोपतो. गोरी कालवड तिला न विचारता विकली. पण हे सारं बावीस वर्षांत विभागलं तर फार होत नव्हतं. विभागता येत नव्हती ती शेवटची पहाट. अमरावतीला गाड्या जुंपल्या तेव्हा ती दारात आली होती आणि "आज नका जाऊ," असं म्हणाली होती. का, ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. त्यानं बैलांना हाक दिली.

मग आत जाऊन ती जात्यावर बसली असेल. जात्यानं विचारलं असेल, सारं सारं कोणासाठी. तिनं काय सांगितलं असेल?

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्याआधी नत्थुजीनं एक काम काढलं होतं. काम लहान होतं. गावच्या विहिरीच्या पायरीजवळ, जिथं सुभद्रा घागर टेकवायची, तिथं एक दगड बसवावा आणि त्यावर तिचं गाणं कोरावं. त्याच्या बरोबरीचे लोक त्या वर्षी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकत होते. त्या मानानं एक दगड म्हणजे काहीच नव्हतं. म्हणजे त्याला तसं वाटलं होतं.

वाहेद संगतराश नावाचा कारागीर त्यानं ठरवला. वाहेदला वाचता येत नसे. मुन्शीजींनी खडूनं अक्षरं काढून द्यायची आणि त्यानं त्यांवर छिन्नी चालवायची. "किती ओळी?" वाहेदनं विचारलं. "आठ," नत्थुजी म्हणाला. वाहेदनं गेरूत बुडवलेलं सूत ताणून दगडावर नऊ रेघा मारल्या आणि मधल्या आठ जागा बोटानं मोजून दाखवल्या. इथं पहिली चूक झाली. हातात सात ओळी असताना माणसानं आठ सांगू नयेत. पण आठवी मिळेलच, अशी नत्थुजीची खात्री होती.

दुसरी चूक अर्जाची. नवं सरकार आल्यापासून गावची विहीर मोजून कागदावर चढली होती, आणि जे कागदावर चढतं त्याला हात लावायचा तर अर्ज लागतो. मुन्शीजींनी अर्ज लिहिला. तो घेऊन दोघं तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून देशावरचा होता, तरुण होता, आणि कविता करत असे. ह्या तिन्ही गोष्टी एकदम नत्थुजीच्या वाट्याला आल्या.

"मयताचं नाव?" कारकुनानं विचारलं.

नत्थुजीनं छताकडं पाहिलं.

"अहो, तुमच्या कुटुंबाचं नाव काय?"

नत्थुजीनं खिडकीकडं पाहिलं. बावीस वर्षांत त्यानंही तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "अवं" म्हणायचा, नाहीतर "ऐकलं काय?" म्हणायचा, आणि तिला ते कळायचं. कचेरीला कळण्यासारखं ते नव्हतं. शेवटी मुन्शीजींनी कागदावर लिहून पुढं सरकवलं.

कारकुनानं गाणं वाचलं, ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या. "अर्जात आठ ओळी लिहिल्या आहेत. नकलेत सात आहेत."

"आठवी येऊन राहिली," नत्थुजी म्हणाला.

"कुठून येते आहे?"

नत्थुजीनं मुन्शीजींकडं पाहिलं.

कारकून खुर्चीत मागं रेलला. आता तो सरकारी माणूस राहिला नव्हता. "मुळात तुम्ही ह्याला काय म्हणणार? अष्टक म्हणाल, तर अष्टकात आठ श्लोक लागतात, आठ ओळी नव्हेत. ओवी म्हणाल, तर ओवी इतकी लांब नसते. शास्त्रात बसवायचं तर शेवटी भारदस्त काही पाहिजे." त्यानं टाक उचलला, डोळे मिटले आणि लिहिलं: नत्थाख्य पतिदेव जो, तयावीण अन्य नाही.

"ह्यात मी कोनता?" नत्थुजीनं विचारलं.

"नत्थाख्य म्हणजे तुम्ही."

नत्थुजीनं हात जोडले. सुभद्रेनं त्याला पतिदेव म्हटलं असतं तर त्यानं तिला वैद्याकडं नेलं असतं. ते तो बोलला नाही. पण कारकुनाला ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यानं टाक खाली ठेवला आणि हुकूम लिहिला, 'आठ ओळींचा दगड बसविण्यास परवानगी. ओळी कमी वा अधिक नसाव्यात. वर्षअखेरीस तपासणी होईल.'

परतताना वाटेत मुन्शीजी म्हणाले, "नत्थुभाई, तो कारकून बच्चा आहे. आठ ओळींचं आपल्याकडं पक्कं काम आहे. मुसम्मन. आठ मिसरे, आणि शेवटचे दोन असे बसतात की मैफल उठून उभी राहते." त्यांनी बोटांवर मोजलं. "तुमच्या सात तशा बसत नाहीत. पण हरकत नाही, आठवी मी बसवतो." आणि ते घोड्यावरूनच म्हणाले, "ऐ नत्थुए आली-वकार, तुझ पे सदके ये खुदाई!"

"म्हणजे काय जी?"

"म्हणजे, ऐ थोर रुबाबाच्या नत्थू, तुझ्यावरून सारी दुनिया ओवाळून टाकावी."

"मुन्शीजी," नत्थुजी म्हणाला, "त्या विहिरीवर मले रोज पाणी भरा लागते."

एकच माणूस उरलं होतं. नत्थुजीची थोरली बहीण, पार्वताबाई. तिला तेल्हाऱ्यास दिलं होतं. दर वर्षी दोन महिने ती माहेरी यायची आणि सुभद्रेसमोर जात्यावर बसायची. थोरल्या बहिणीला भावाचं नाव घ्यायला कुणाची बंदी नाही. उलट तिच्याइतक्या मोठ्यानं ते कुणी घेत नसे. दोन दिवसांत अकोल्याकडं कापसाच्या गाड्या निघणार होत्या. नत्थुजी त्यांतल्या एका गाडीवर चढला.

त्याच गाडीवर सूर्यभान शाहीर चढला. नत्थुजी आठवी ओळ शोधत निघाला आहे, हे गावभर झालं होतं. सूर्यभाननं डफ मांडीवर घेतला आणि पहिल्या मैलालाच सुरुवात केली.

"नत्थुजी, आठ ओळींच्या कडव्याले चौक म्हणतो आमी. आठवी ओळ अशी पायजे का पहिलीच्या शेपटाले जाऊन डसली पायजे. ऐका. रणशूर नत्थुजी गर्जला, दणाणल्या दिशा दाही!"

"मी कधी गर्जलो गा?"

"गर्जले नाई?"

"एकडाव बोकड अंगावर आला होता. तवा मी झाडावर चढलो."

"मंग झाडावरून गर्जले असाल," सूर्यभान म्हणाला आणि पुढची ओळ जुळवू लागला.

अकोल्यापर्यंत त्यानं एकोणीस आठव्या ओळी केल्या. त्यांत नत्थुजी दोनदा हत्तीवर बसला आणि एकदा स्वर्गाला गेला. प्रत्येक मुक्कामाला गाडीवाले, चहूकडचे व्यापारी, रेल्वेच्या सडकेवर माती टाकणारे मजूर गोळा होत, ओळी ऐकत आणि कोणती चांगली ह्यावर वाद घालत. पण आठवी ओळ खरी काय होती, हे जाणून घ्यायची घाई त्यांतल्या एकालाही नव्हती. नत्थुजी कापसाच्या ढिगावर उताणा पडून आभाळ बघत राही. आजूबाजूला एवढी माणसं असताना एकटं वाटायला काही कारण नव्हतं. पण कारण लागतंच असं नाही. अमरावतीला जायचा तेव्हाही तो असाच एकटा पडून असायचा, फक्त तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हतं. घरी कुणी तरी आहे, एवढं पुरायचं.

अकोल्याला शाहीर उतरला, गाडी बदलली, आणि पुढं दोन दिवसांनी नत्थुजी तेल्हाऱ्यात बहिणीच्या दारात उभा राहिला. पार्वताबाईनं त्याला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"नत्थू! अरे, किती पांढरा झाला रे तू वर्षात!"

तिनं त्याला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि रडायला लागली. हात फिरवता फिरवता तिच्या मुठीत कापूस आला. तिनं मुठीकडं पाहिलं, त्याच्या डोक्याकडं पाहिलं, आणि रडता रडताच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "कापूस हाय मेल्या! मले वाटलं, माहा भाऊ म्हातारा झाला."

वर्षभरात त्याला कुणी मारलं नव्हतं. नत्थुजीला फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर त्यानं विचारलं. आठवी ओळ. पार्वताबाई सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"कोनती आठवी?"

"तेच विचारून राहिलो ना, आक्का. तिची आठवी. एकच तं होती."

"एक?" पार्वताबाई हसायला लागली. "अरे, सात ओळी कायमच्या होत्या. आठवी रोज नवी राहे. तू जसा वागला तशी आठवी. मी येवो तवा पहिले विचारो, काहो, आज काय केलं आमच्या नत्थूनं? सुभद्रा म्हणे, दळा लागा, आठवीत सांगतो."

नत्थुजी सरसावून बसला.

"ऐक," ती म्हणाली, आणि बसल्या जागी हात जात्यासारखा फिरवत तिनं म्हटलं:

नत्थुजी माहा घोरतो, भिंत पडते की काई

"हे तू भिंतीकडं पाय करून झोपे तवाची. आन हे सुगीतली:"

नत्थुजीले भूक लय, कामाची रे नाही घाई

"ह्यावर ते दुर्गी आन मी एवढ्या हासलो का जातं थांबलं."

नत्थुजीचा चेहरा कसनुसा झाला. ह्या ओळी विहिरीवर कोरायच्या, आणि वर्षअखेरीस सरकारी माणूस येऊन त्या तपासणार! पण पार्वताबाईचा हात अजून फिरत होता. आता हळू फिरत होता.

"आन एक आठवते. तू कापूस घेऊन गेला होता. चार दिवस आला नव्हता."

नत्थुजी गेला बाजारी, घास गिळवत नाही

बाहेर तेल्हाऱ्याच्या कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि बैलांच्या चांदीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"आक्का," नत्थुजी म्हणाला, "शेवटच्या दिवशी कोनती म्हटली असंन?"

"ते मले कसं ठाव असंन? मी इथं होती." पार्वताबाईनं अडकित्ता उचलला. "जे समोर बसली असंन, तिले ठाव."

तो परत आला तेव्हा वाहेदचं काम झालं होतं. सात ओळी कोरून झाल्या होत्या, आणि आठव्या जागेवर, गेरूच्या दोन रेघांमध्ये, दगड कोरा होता. वाहेदनं तो घासून इतका गुळगुळीत केला होता की त्यावर हात ठेवावासा वाटे.

नत्थुजी थेट गोठ्यात गेला. पुन्हा तिघं आपापल्या जागी उभे राहिले. वासरू आता मोठं झालं होतं.

"तिले विचार," नत्थुजी भावाला म्हणाला, "मी अमरावतीले गेलो त्या पहाटे समोर कोन बसलं होतं?"

ह्या वेळी आतून खुसखुस आली नाही.

"वासरा," दुर्गाबाई म्हणाली, "सांग त्याइले, मी होती."

"त्या दिवशीची आठवी काय होती?"

"वासरा, त्या दिवशी आठवी झाली नाई. सात म्हटल्या आन जातं थांबवलं त्याइनं. मी म्हटलं, बाई, आजची? बाई म्हणे, आज राहू दे. ते घरी आले का मंग पाहू."

नत्थुजी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. किसनराव खाली मान घालून उभा होता. मग दुर्गाबाईनं, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, वासराला मध्ये न घेता विचारलं, "भावजी, दूध घेता काय?"

त्यानं दूध घेतलं.

वर्षश्राद्ध झालं. दगड विहिरीवर बसला. मुन्शीजी अजून अधूनमधून म्हणतात, की खुदाईवाली ओळ एकदम चपखल बसते, विचार करा. सूर्यभाननं त्याच्या एकोणीस ओळी दुसऱ्या एका माणसावर बसवल्या आणि तो माणूस खूश आहे. बाया पाणी भरायला येतात, त्यांतली एखादी वाचणाऱ्या माणसाकडून ऐकून पाठ केलेल्या सात ओळी म्हणते, आणि आठवीला इकडंतिकडं बघून हळूच काही तरी पुटपुटते, आणि बाकीच्या हसतात. नत्थुजी जवळ असला तर तो खोकतो आणि दुसरीकडं बघतो.

एकदा विहिरीवर कुणी नव्हतं. तेव्हा त्यानं कोऱ्या जागेवर हात ठेवून एक ओळ जुळवून पाहिली. ती तिच्या नावानं सुरू व्हायला हवी, हे उघड होतं. त्यानं तोंड उघडलं. पण नाव बाहेर आलं नाही. "अवं," एवढंच तो म्हणाला, आणि घागर भरून घरी गेला.

वर्षअखेरीस कचेरीचा माणूस तपासणीला आला. त्यानं ओळी मोजल्या, हुकूम पाहिला, पुन्हा मोजल्या. नत्थुजीनं त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं. त्या माणसानं दप्तर उघडलं आणि लिहिलं:

दगड बसविला. सात ओळी आहेत. आठवी कोरणे बाकी.